झेंड्याच्या मधोमध

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत तुम्हीही काही लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती लिहिणे निराळे आणि इतिहास लिहिणे निराळे. परंतु आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत एक झेंडा आहे, आणि त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती सांगायची तर झेंड्यांचा इतिहास सांगावाच लागतो. म्हणून हे धाडस.

निशाण म्हणजे काय हे आपणां बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. दत्तबर्डीकडे पाहिले की पताका दिसते. नांदेडला गेलो की गुरुद्वाऱ्याचे उंच निशाण लांबून दिसते. पंढरीच्या दिंडीत भगवी पताका असते, उरुसात हिरवे निशाण असते. कापड तेच, काठीही तीच. परंतु ते वर चढले की त्याला आपण हात जोडतो. मग राज्याच्या झेंड्यात निराळे काय असते? मला असे दिसून आले, की राज्याच्या झेंड्याच्या मधोमध काय काढले आहे ते पाहावे. ते राज्य कोणाचे, हे त्या मधल्या चित्रावरून पुष्कळ कळते.

आपल्या हदगावावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते हे सर्वांना ठाऊक आहे. या घराण्याचे राज्य १७२४ साली सुरू झाले. बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्डा म्हणून गाव आहे. तेथे झालेल्या लढाईत पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह, विजयी झाला आणि दख्खन त्याच्या हाती आली. या घराण्याच्या झेंड्याचा रंग पिवळा, आणि मधोमध एक पांढरा वाटोळा गोल. तो सूर्य नव्हे आणि चंद्रही नव्हे. तो कुलचा! म्हणजे मैद्याची जाडसर गोल रोटी.

याची दंतकथा अशी सांगतात. निजाम-उल-मुल्क एकदा हजरत निजामुद्दीन औरंगाबादी या सूफी साधूंच्या भेटीला गेला. साधूंनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले. भूक लागलेली होती, त्याने सात कुलचे खाल्ले. साधू म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. म्हणून झेंडा फडक्यासारखा पिवळा आणि मध्ये कुलचा. आणि योग असा, की मीर उस्मान अली खान हे सातवे निजामच शेवटचे ठरले. ही गोष्ट खरी किती आणि मागाहून जुळवलेली किती, तो भाग सोडून द्यावा. एका भुकेल्याला साधूने भाकरी दिली, यात वाईट काहीच नाही. मला तर ही गोष्ट गोड वाटते. परंतु तो आशीर्वाद एका घराण्याचा होता. शेतात ज्वारी पिकवणाऱ्याची भाकरी त्या झेंड्यावर नव्हती. पुढे त्या झेंड्यावर अक्षरेही आली. वर देवाचा महिमा आणि खाली उस्मान अलींचे नाव. नाण्यांचेही तसेच. हाली सिक्क्याच्या रुपयावर चारमिनार असे, आणि त्याच्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचे पहिले अक्षर, उर्दूतला ऐन. झेंडा त्यांचा, रुपया त्यांचा. रयतेने फक्त पाहावे.

आपला मुलूख तर दोन झेंड्यांच्या काठावरचा. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांचा, पण नावापुरता मुलूख निजामाचा. म्हणून १९३६ च्या करारानंतर तिकडे इंग्रजांच्या झेंड्याशेजारी निजामाचाही झेंडा लावण्याची मोकळीक होती. नदी एकच, परंतु पलीकडे उमरखेडला सभा भरे, मिरवणूक निघे, आणि अलीकडे त्याच गोष्टीला तुरुंग. गाण्यावरसुद्धा बंदी. १९३८ साली औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी आणि पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटले, म्हणून शेकडो मुलांना कॉलेजातून काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली म्हणून त्यांचे शिक्षण वाचले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक विद्यार्थी.

आता आपल्या तिरंग्याची जन्मकथा थोडक्यात सांगते. परदेशात हिंदुस्थानचा झेंडा पहिल्याप्रथम उंच धरला तो एका बाईनेच, हे आपण विसरू नये. १९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट या शहरी मादाम भिकाजी कामा यांनी भर परिषदेत तो फडकवला. तो आजचा तिरंगा नव्हता, पण रंगांचे तीन पट्टे त्यातही होते. १९२१ साली बेझवाडा, म्हणजे आताचे विजयवाडा, येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना तांबड्या आणि हिरव्या रंगाचा झेंडा दाखवला. जालंधरच्या लाला हंसराज यांनी त्यावर चरखा असावा असे सुचवले होते. बाकीच्या सर्वांसाठी म्हणून पांढरा पट्टा गांधीजींनी घालावयास सांगितला. त्या वेळी तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, असा अर्थ लोक लावत. त्यावरून कुरबूर होऊ लागली. तेव्हा १९३१ साली काँग्रेसने ठराव करून झेंडा नव्याने ठरवला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि पांढऱ्या पट्ट्यावर चरखा. या रंगांना धर्माचा अर्थ नाही, असेही स्पष्ट सांगितले.

हा चरख्याचा झेंडाच आमच्या ट्रंकेत आहे.

तो शिवला आमच्या आजेसासूबाईंनी. १९४७ साली त्या पंधरा-सोळा वर्षांच्या, नुकत्या नांदायला आलेल्या. त्या ऑगस्टात सारा देश स्वतंत्र होणार होता आणि निजाम म्हणत होते, की आम्ही हिंदुस्थानात येणार नाही, स्वतंत्र राहू. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा हिंदी संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला. स्वामी रामानंद तीर्थांना १५ ऑगस्टला अटक झाली. तिरंगा लावण्याला बंदी होती. अशा वेळी आजेसासरे एका रात्री म्हणाले, झेंडा पाहिजे. विकत कोठून आणणार? आजेसासूबाईंनी स्वतःचे हिरवे लुगडे फाडले. पांढरे कापड धोतराचे घेतले. रंगपंचमीसाठी वाळवून ठेवलेली पळसाची फुले उकळून केशरी रंग केला. चरखा निळ्या दोऱ्याने भरला. त्या सांगत, "आमाला कोणी दाखिवला होता झेंडा? त्यानं तोंडानं सांगितलं, मी कानानं ऐकून शिवला."

१५ ऑगस्टच्या पहाटे नदीच्या बाजूच्या शेतात, लिंबाच्या झाडाला तो बांधला. चार-पाच माणसांनी नमस्कार केला आणि उजाडायच्या आत उतरवून घेतला. मग तो ठेवायचा कोठे? आजेसासूबाईंनी वाकळेचे टाके उसवले, दोन थरांच्या मध्ये झेंडा पसरला आणि पुन्हा टाके घातले. तेरा महिने घरातली लेकरे त्या वाकळेवर झोपली. घराची झडती झाली तेव्हा कनग्या उपसल्या, ट्रंका उघडल्या. वाकळेला कोणी हात लावला नाही. शेजारी पिंजाऱ्याचे घर होते. तेथल्या चाचीने हे टाके घालताना पाहिले होते. तिने तेरा महिने तोंडातून शब्द काढला नाही.

त्या तेरा महिन्यांत रझाकारांनी काय केले ते मी नव्याने सांगत नाही. वाड्यावाड्यांतून ते दुःख अजून जिवंत आहे. त्याच्याही आधी, २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीकडे अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. आपल्या भागातील हुतात्मा जयवंतराव पाटलांचे नाव हिमायतनगरच्या कॉलेजाला आहे. आपल्या बायकाही मागे नव्हत्या. बदनापूरकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून हत्यारे पोचवीत. हैदराबादेत 'इमरोज' पत्राचे संपादक शोएब उल्लाखान यांनी हिंदुस्थानात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून १९४८ च्या ऑगस्टात त्यांना मारले. तेव्हा हा लढा धर्माधर्माचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा निघाल्या आणि १७ ला निजाम शरण आले. दुसऱ्या दिवशी आजेसासूबाईंनी टाके उसवून झेंडा बाहेर काढला व घराच्या चौकटीला लावला. त्याला कुबट वास येत होता, पण रंग उतरला नव्हता. मात्र त्याच दिवसांत जिकडेतिकडे सूड सुरू झाला. काही न केलेल्या मुसलमान घरांनाही त्याची झळ लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत हे फार झाले असे सांगितले, त्यांत आपला नांदेड जिल्हाही होता. शेजारची चाची आपल्या लेकरांना घेऊन आमच्या माजघरात काही दिवस राहिली. चौकटीवर झेंडा होता म्हणून कोणी आत आले नाही, असे आजेसासूबाई सांगत. झेंड्याची सगळ्यात मोठी कामगिरी त्या हीच मानीत.

आता माझी चूक.

१९९८ साली मुक्तीला ५० वर्षे झाली. मी तेव्हा नवी सून. एका ठिकाणी जुन्या आठवणींचा कार्यक्रम होता. आजेसासूबाईंनी झेंडा घडी करून पिशवीत घातला आणि मला बरोबर घेऊन गेल्या. तेथे व्यवस्था पाहणारे एक गृहस्थ झेंडा उलगडून पाहतात तो म्हणाले, "आजी, हा झेंडा चुकीचा आहे. याच्यावर अशोकचक्र नाही. हा लावला तर आमच्यावर केस होईल. आत ठेवा." चार लोक हसले. आजेसासूबाईंनी झेंडा घडी केला. परत येताना त्या एवढेच म्हणाल्या, "चुकला असंल माय. आमाला कुठं लिहितावाचता येत होतं." मी शाळेत गेलेली. पण मीही मनात म्हटले, चुकलाच असेल. त्यांची समजूत घालायची ती मी गप्प राहिले. त्यानंतर त्यांनी ट्रंक कधी उघडली नाही, आणि २००५ साली त्या गेल्या.

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या मुलीला शाळेत राष्ट्रध्वजावर भाषण होते. वाचनालयातले पुस्तक आणून मी तिला उतरवून देऊ लागले, आणि माझा हात थांबला. त्यात लिहिले होते, की आजचा ध्वज घटना समितीने दिल्लीत २२ जुलै १९४७ रोजी मंजूर केला. म्हणजे आजेसासूबाई शिवायला बसल्या त्याच्या आधी महिनाभरसुद्धा नाही! इकडे वर्तमानपत्र वाचायची चोरी. दिल्लीचा ठराव लिंबाच्या झाडापर्यंत कसा यावा? त्यांनी शिवला तो १६ वर्षे लोकांनी ज्याच्यासाठी लाठ्या खाल्ल्या तोच झेंडा होता. चुकलेले काही नव्हते.

आणि चरखा का काढला, ते तर कोणतीही शिवणारी बाई चटकन समजेल. झेंड्याला सुलटी बाजू आणि उलटी बाजू असत नाही, तो दोन्हीकडून दिसतो. चरख्याचे चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला. मागून पाहिले की चित्र उलटे होते. पंडित नेहरूंनी त्या दिवशी सभेत हेच कारण सांगितले. म्हणून चरख्याची चाती गेली आणि चाक तेवढे राहिले. ते चाक कोणते घ्यावे? तर सम्राट अशोकाने सारनाथला उभारलेल्या खांबावरचे. तो खांबाचा माथा १९०५ साली उत्खननात सापडला होता. चार सिंह, आणि त्यांच्या पायाखाली हत्ती, घोडा, बैल, सिंह व मध्ये मध्ये चक्रे. २६ जानेवारी १९५० ला हेच चार सिंह आपले राजचिन्ह झाले, आणि खाली मुंडक उपनिषदातील 'सत्यमेव जयते'. आपल्या नोटेवर तीनच सिंह दिसतात. चौथा मागे आहे. घरात बाई असते तसा, दिसत नाही पण भार घेतो.

ध्वजावरच्या निळ्या चक्राला २४ आरे आहेत. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत अर्थ सांगितला. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश व सत्याची वाट, हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडापाल्याशी असलेले नाते, आणि चक्र म्हणजे धर्म व गती. गांधीजींना चरखा जाणे प्रथम रुचले नव्हते. तरी मला वाटते, चाक राहिले म्हणजे चरख्याचा जीव राहिला. आमच्या ट्रंकेतला झेंडा आजच्या ध्वजाची आई आहे. आईला कोणी चुकीची म्हणत नाही.

याच पुस्तकात युरोपातील हंगेरी नावाच्या देशाची गोष्ट वाचली. त्यांचाही झेंडा तीन आडव्या पट्ट्यांचा; तांबडा, पांढरा, हिरवा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रशियाच्या धाकातले राज्य आले आणि झेंड्याच्या मधोमध हातोडा व गव्हाच्या लोंब्या आल्या. १९५६ च्या ऑक्टोबरात लोक उठले. नवे झेंडे शिवायला वेळ कोठला? त्यांनी कात्री घेतली आणि मधले चित्रच कापून काढले. भोक पडलेले झेंडे घेऊन ते रस्त्यावर आले. रशियाच्या रणगाड्यांनी तो उठाव मोडला, परंतु पुढे राज्य बदलल्यावर त्यांनी तो झेंडा टाकून दिला नाही. अजूनही २३ ऑक्टोबरला भोक असलेला झेंडा ते मानाने लावतात. त्यांच्या जुन्या राजमुकुटावरचा क्रूस वाकडा झालेला आहे, आणि चित्रांतून तो तसाच वाकडा काढतात. सरळ करून घेत नाहीत, कारण तो वाकडेपणाच त्यांच्या इतिहासाचा आहे. हे वाचून मला १९९८ चा तो दिवस आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते लोक भोकाला मान देतात, आणि आम्ही चरखा घडी करून आत ठेवला!

आणखी दोन गोष्टी सांगून पुरे करते. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री दिल्लीत घटना समितीपुढे राष्ट्रध्वज अर्पण करण्यात आला, तो भारतातील स्त्रियांच्या वतीने, श्रीमती हंसा मेहता यांच्या हातून. म्हणजे तिकडे एका विदुषीने भर सभेत ध्वज दिला, आणि जवळजवळ त्याच घटकेस इकडे एका अडाणी पोरीने चिमणीच्या उजेडात शेवटचा टाका घातला. इतिहासात पहिलीचे नाव आहे. दुसऱ्या कितीजणी असतील!

दुसरी गोष्ट अशी. ज्या मुलुखात तिरंगा लावला तर तुरुंग होता, त्याच मुलुखात आज तिरंगे तयार होतात. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात ध्वजाची खादी विणतात आणि नांदेडला ध्वज शिवून पुरे होतात. तेथून ते दूरदूरच्या राज्यांत जातात. डिसेंबर २०२१ पासून यंत्रावरच्या पॉलिस्टर कापडाचेही ध्वज चालतात आणि ते स्वस्त पडतात, हे खरे. परंतु भगिनींनो, ध्वज घ्यायचाच तर एकदा हातमागाचा घेऊन पाहावा. त्याला हाताचा स्पर्श लागलेला असतो. आणि १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले छोटे कागदी झेंडे आपल्या लेकरांकडून गोळा करून घ्यावेत. पायाखाली जाऊ देऊ नयेत.

आता मंडळापाशी माझे मागणे. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, राष्ट्रध्वजाला वंदन झाल्यावर, आपल्या मंडळाच्या खोलीत एका मेजावर हा जुना झेंडा उलगडून ठेवावा. काठीवर लावायचा नाही. तो मान आजच्या ध्वजाचा. शेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद ठेवावा, "हा १९४७ साली ऐकून शिवलेला झेंडा आहे. हा बरोबर आहे." तो कागद मी लिहून आणीन. पिंजारगल्लीतल्या बहिणींनाही बोलवावे, चाचीच्या नातसुना तेथेच आहेत. आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंका, वाकळा, गाठोडी असतील, त्यांनी ती उघडून पाहावी आणि जे मिळेल त्याची हकीकत विचारून लिहून ठेवावी. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. मी विचारायला उशीर केला.